चार अक्षरं

कौनासच्या ग्रंथालयात, तळघरात,
दर गुरुवारी सहा माणसं जमतात
आणि मेलेल्या बाईची कुंडली मांडतात.
ग्रहबिह नाहीत. नुसती सोळा घरं,
प्रत्येक घरावर चार अक्षरांची पाटी,
आणि बाईंना कुठल्या घरात बसवायचं
यावर गेल्या हिवाळ्यापासून जुंपलेली.

मला बोलावलं, कारण अकरा वर्षं
टेक्ले वैश्नोराइते यांचं अक्षर मी लावत होते.
ते गिचमीड वाचणारी
आता मी एकटीच उरलेय.

गिन्तौतस, पेशानं दातांचा डॉक्टर, म्हणाला :
अंतर्मुख. सोळा आणे अंतर्मुख.
तीन कादंबऱ्यांत कुणी कुणाचं दार वाजवत नाही.
लिउदा म्हणाली, मग बाजारात
एका माशासाठी तासभर हुज्जत घालायची
ती काय बाईंची बहीण होती?

सत्तर प्रश्नांचा कागद माझ्यापुढे सरकला.
त्यांच्या वतीनं तुम्ही भरा, म्हणाले,
प्रामाणिकपणे.
(दुसऱ्याच्या वतीनं प्रामाणिक.
अकरा वर्षं मी दुसरं काय केलं?)

समारंभातून तुम्ही लवकर निघता का?
लग्नांतून, हो. केक कापायच्या आत.
पण अनोळखी माणसाच्या मयताला
शेवटची खुर्ची उचलेपर्यंत बसायच्या.

निर्णय डोक्यानं घेता की मनानं?
चौदाव्या प्रकरणात त्यांनी एक पोरगा मारला,
नेमुनसवरच्या बर्फात, दीड ओळीत.
मग उठून बीटाचं गार सार प्यायल्या,
दोन वाडगे,
दुसऱ्यावर शेपू जास्त मागितला.
रात्री तीन वाजता फोन :
ज्युझेफा, तो पोरगा थंडीत पडलाय,
पान दोनशे चौदा,
त्याच्या अंगावर कोट घाल.
मेलेल्याला कोट.
मी घातला. लोकरीचा, एक बटण तुटलेला.
बटण माझं. त्यांनी ते तसंच ठेवलं.
आता ही खूण कुठल्या चौकटीत करू?

मी खुणा करत गेले.
भिंतीत नळ घरघरत होता.
वाल्दास नावाचा मुलगा माझ्या पेन्सिलीकडे
मांजर माशाकडे बघतं तसा बघत होता.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.
बाई गेल्यावर कार्बन पेपरच्या खोक्यात
असाच एक कागद सापडला होता, पिवळा पडलेला.
कुठल्याशा मासिकातून फाडलेला,
सत्तरच प्रश्न, बाईंच्या गिचमीड खुणा,
आणि वर, नाव लिहायच्या जागी,
माझं नाव.

मी घरी कोट न काढता तो वाचला.
सगळी उत्तरं बरोबर.
खोटं बोलताना मी टेबल पुसते, हेसुद्धा
समासात नोंदलेलं.
अकरा वर्षं मला वाटत होतं
त्या खोलीत अक्षर लावणारी
मी एकटीच.

फक्त शेवटच्या प्रश्नापाशी,
कुणी तुमच्यावर लिहिलेलं तुम्हाला आवडेल का,
दोन्ही चौकटी कोऱ्या
आणि बारीक पेन्सिलीनं :
विचारायचं राहिलं.

वाल्दासनं माझा कागद ओढला, बेरीज केली.
चार अक्षरं निघाली.
गिन्तौतसनं टाळ्या वाजवल्या, लिउदानं नाही.
मग तो थांबला : सत्तरावा राहिलाय, बाई.
मला बाई म्हणाला.
मी टेबलावर नसलेली धूळ पुसत म्हटलं,
नजरेतून सुटला असेल.

बाहेर ट्रॉलीबस उशिरा आली.
लिउदा माझ्याच थांब्यावर उभी होती.
मासा कुठला असायचा हो, तिनं विचारलं.
म्हटलं, ईल. धुरावलेला.
आणि बाईंना तो मुळीच आवडायचा नाही.